कंपवातासह संसार : अनुभवाचे चार शब्द
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस व्याख्यानासाठी विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी की एक जुना शिक्षक शिक्षणाविषयी अथवा ज्ञातीच्या पूर्वेतिहासाविषयी काही सांगेल. ते विषय थोरच आहेत. परंतु आम्ही निराळा विषय मागून घेतला. आम्हांस पार्किन्सन नावाचा आजार आहे. आपल्या आयुर्वेदात ज्यास कंपवात म्हणतात तो. हा कागद धरलेला आमचा उजवा हात हलत आहे, हे पुढल्या रांगांतील मंडळींस दिसतच असेल. तो भीतीने हलत नाही. छत्तीस वर्षे वर्गापुढे उभे राहिलेल्या माणसास सभेचे भय कसले?

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण. तेव्हा येथे जे सांगणार ते दोन प्रकारचे आहे : मेंदूविकारतज्ज्ञांकडून समजून घेतलेले, आणि गेल्या सात वर्षांत घरी, न्हाणीघरात, जेवणाच्या ताटावर आणि बँकेच्या खिडकीशी शिकलेले.

प्रथम आजाराची ओळख करून घेऊ. 1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या रोगावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन आहे, आणि त्यांपैकी काहींस तर त्यांनी रस्त्यावरून जाता येतानाच पाहिले होते. नुसत्या निरीक्षणाने केवढे कार्य होते पाहा! पुढे फ्रान्समधील शार्को या पंडिताने या रोगास त्यांचे नाव दिले. त्यांचा जन्मदिवस 11 एप्रिल. तोच जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या मध्यमेंदूत काळसर रंगाचा एक लहानसा भाग असतो. तेथील पेशी डोपामाइन नावाचे द्रव्य तयार करतात, आणि शरीराच्या हालचाली सुरळीत व्हाव्यात म्हणून ते द्रव्य लागते. या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागल्या की हा आजार होतो. लक्षणे उघड दिसेपर्यंत त्यांपैकी निम्म्याच्या आसपास वा अधिक पेशी गेलेल्या असतात. पेशी का नष्ट होतात याचे पूर्ण उत्तर शास्त्रासही अद्याप सापडलेले नाही. जगभरची सर्वसाधारण मोजदाद अशी की साठीपुढील शंभर माणसांत सुमारे एकास हा आजार असतो. म्हणजे आज या सभागृहातील वडीलधाऱ्यांत आम्ही एकटेच असू, असे समजण्याचे कारण नाही.

लोकांची समजूत अशी की हा केवळ हात कापण्याचा आजार. ती अपुरी आहे. मुख्य लक्षण आहे हालचालींचा मंदपणा. त्याच्या जोडीस स्नायूंचा ताठरपणा, हात स्वस्थ असताना होणारा कंप, आणि पुढे तोल जाणे. कित्येक रुग्णांस तर कंप मुळीच नसतो. चेहऱ्याचे स्नायू मंदावतात, त्यामुळे मुद्रा निर्विकार दिसते, घरची माणसे म्हणतात, "आण्णा हल्ली रुसलेले असतात." आण्णा रुसलेले नसतात, त्यांचा चेहरा हसण्याची आज्ञा वेळेवर पाळत नाही इतकेच. आवाज बारीक होतो. वास येईनासा होणे, बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणे वा हातपाय झाडणे ही लक्षणे तर कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीही दिसू शकतात. आमच्या बाबतीत पहिली खूण फळ्यावर उमटली. ओळीच्या आरंभी अक्षर टपोरे आणि शेवटाकडे मुंगीएवढे. मुले म्हणत, "गुरुजी, शेवटचे दिसत नाही." अक्षर बारीक होत जाणे हे या आजाराचे एक प्रसिद्ध लक्षण आहे, हे तज्ज्ञांनी पुढे सांगितले.

आता औषधाविषयी. यातील इतिहास आपणां भारतीयांस मनोरंजक वाटेल. सर्पगंधेपासून काढलेले रिसर्पीन हे औषध दिले असता ससे जागच्या जागी निश्चल होतात, आणि त्यांस लेव्होडोपा टोचले की ते पुन्हा हालचाल करू लागतात, असे स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी 1957 च्या सुमारास दाखवून दिले. त्यांस 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1967 साली कोत्सियास यांनी हेच लेव्होडोपा रुग्णांस क्रमाक्रमाने वाढवीत पोटात देऊन गुण दाखविला. आज अर्धशतक उलटून गेले तरी हेच मुख्य औषध आहे. आता ते कार्बिडोपाच्या जोडीने देतात. आणि हेच द्रव्य आपल्या रानातील खाजकुहिलीच्या बियांत असते! 1937 साली दामोदरन व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून वेगळे काढून दाखविले होते.

मात्र यावरून कोणी बाजारातून कवचबीजाचे चूर्ण आणून गोळ्यांबरोबर मनाने सुरू करू नये. द्रव्य तेच असल्यामुळे मात्रा दुप्पट होण्याचा धोका आहे, आणि चूर्णात ते किती हे आपणांस मोजता येत नाही. आयुर्वेदाचे औषध घ्यावयाचे तर दोन्हीकडच्या वैद्यांस एकमेकांचे औषध सांगून घ्यावे.

गोळीसंबंधी चार नियम आम्ही भिंतीवर लिहून लावले आहेत. पहिला, वेळ. शाळेची घंटा जशी मिनिटावर पडते तशी गोळी मिनिटावर पडली पाहिजे. आजार जुना झाला की गोळीचा अंमल लवकर उतरतो, आणि अर्ध्या तासाच्या विलंबाने माणूस खुर्चीत खिळून बसतो. दुसरा, जेवण. प्रथिने या औषधाच्या वाटेत आडवी येतात. म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. डाळ, दूध, अंडी सोडू नयेत, शरीरास ती हवीतच. परंतु त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात ठेवल्याने अनेकांचा दिवस बरा जातो. गोळीने मळमळत असेल तर बरोबर थोड्या लाह्या खाव्यात. लोहाच्या गोळ्या असतील तर त्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. तिसरा, गोळी एकाएकी बंद करू नये. बरे वाटले म्हणून नाही आणि उपास आहे म्हणून तर नाहीच. एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते. चौथा, कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर आधी सांगावे की आम्हांस पार्किन्सन आहे. उलटी थांबविण्याचे मेटोक्लोप्रामाइड आणि मानसिक विकारांवरील हॅलोपेरिडॉलसारखी काही औषधे डोपामाइनचे काम अडवितात व आजार वाढवितात. हे आम्ही एका कार्डावर लिहून खिशात ठेवतो.

आणखी दोन गोष्टी घरच्यांनी जाणून असाव्यात. औषधाच्या अंमलात कधी कधी अंग आपोआप डोलते, मान हलते. रस्त्यात पाहणारा म्हणतो, "मास्तर भरदुपारी पिऊन आले." हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे. तसेच या वर्गातील काही औषधांनी क्वचित जुगाराची, खरेदीची वा अशीच अनावर ओढ लागते, किंवा नसलेली माणसे दिसतात. यास माणसाचा बिघडलेला स्वभाव समजू नये, भूतबाधा तर नव्हेच. डॉक्टरांस सांगितले की मात्रा बदलून उपाय करता येतो. मेंदूत विद्युत् तारा बसविण्याची शस्त्रक्रियाही आहे. ज्यांस गोळीचा गुण चांगला येतो पण तो दिवसभर टिकत नाही, अशा निवडक रुग्णांस तिचा लाभ होतो. ती फार खर्चाची आहे, आणि तिने आजार मुळापासून जात नाही.

आता रोजच्या व्यवहाराकडे वळू, कारण संसार तेथेच चालतो.

खुर्चीतून उठणे हे आम्हांस डोंगर चढण्यासारखे झाले होते. व्यायाम शिकविणाऱ्या ताईंनी युक्ती सांगितली : प्रथम खुर्चीच्या कडेपर्यंत सरकावे, पावले मागे घ्यावीत, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे वाकावे, आणि मग एक-दोन-तीन म्हणून उठावे. खुर्ची हातांची व थोडी उंच असावी. अंथरुणातून एकदम उठू नये. रक्तदाब उतरून घेरी येते. आधी कडेवर बसावे, मग उभे राहावे.

चालताना, विशेषतः दाराच्या चौकटीशी, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी घरची माणसे प्रेमाने हात धरून ओढतात. तसे करू नये. माणूस तोंडावर पडतो. थांबावे, श्वास घ्यावा, भार एका पायावरून दुसऱ्यावर डोलवावा, आणि एक लांब पाऊल टाकावे. आम्ही उंबऱ्याजवळच्या फरशीवर पावलापावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. सपाट फरशीवर अडणारा पाय पट्टी ओलांडण्यास मात्र निमूट उचलला जातो! तालानेही असेच होते. दिंडीतील पावली ज्याने आयुष्यभर खेळली त्यास मनात टाळ वाजविला की पाऊल सुटते. पुण्यात हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले, त्यामागील तत्त्व हेच. वळताना जागेवर गिरकी घेऊ नये, बैलगाडी वळते तसे मोठे वळण घ्यावे. चालताना बोलू नये, बोलताना चालू नये. एका वेळी एकच काम.

जेवताना ताटाखाली ओले फडके घालावे म्हणजे ताट सरकत नाही. चहा अर्धा कप घ्यावा. चमच्याच्या दांडीस कापड गुंडाळून ती जाड करावी. ताठ बसून, लहान घास, हनुवटी किंचित खाली, आणि एक घास गिळल्यावर दुसरा. गिळताना वारंवार ठसका लागत असेल तर ते डॉक्टरांस सांगणे अगत्याचे. अन्न श्वासनलिकेत जाणे हे या आजारातील मोठे संकट आहे. बद्धकोष्ठासाठी पाणी, पालेभाज्या, फळे आणि चालणे. न्हाणीघरात भिंतीस धरावयाचा दांडा, बसण्यास स्टूल, रात्री मंद दिवा, आणि वाटेतील पायपुसणी व सुट्या चटया उचलून ठेवणे. एवढ्याने कित्येक हाडे वाचतील.

व्यायाम हा औषधाइतकाच महत्त्वाचा. रोज अर्धा तास चालणे, हातपाय लांब ताणणे, तोल सांभाळण्याचे व्यायाम. आवाजासाठी आम्ही रोज सकाळी पोथी मोठ्याने वाचतो, शेजारच्या घरी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आम्हांस वाटते आपण ओरडतो आहोत. शेजारी म्हणतात, आता कोठे नीट ऐकू आले. अक्षरासाठी दुरेघी वही वापरतो. पहिलीच्या मुलांस जी दिली तीच आता आमच्या हाती आली, आणि दोन रेघांच्या मध्ये आमचे अक्षर पुन्हा टपोरे होते.

सहीचा प्रश्न मात्र वहीने सुटत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्या रुग्णांची सही जुळत नाही म्हणून धनादेश परत येतात. यावर उपाय असा की वेळीच बँकेस नवी नमुना सही द्यावी. सही करणेच अशक्य झाले, तर दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा घेण्याची तरतूद आहे. त्यांतील एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात पार्किन्सनचा नावानिशी समावेश आहे. ज्यांचा आजार पुढे गेला आहे त्यांनी सरकारी रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

आता आपल्या ज्ञातीच्या व्यवसायाकडे येतो. आपला पिढीजात धंदा सुईदोऱ्याचा. सुई ओवणाऱ्या हाताला कंप सुटला की कारागिराचे दुःख काय असते, ते या सभेस आम्ही सांगावयास नको. पण याच धंद्यात उपायही आहे. आमच्यासारख्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे सदऱ्याचे बारीक बटण. सकाळी पाच बटणे लावण्यास आम्हांस वीस मिनिटे लागत. आमच्या पुतण्याने, जो आपल्या मंडळाचा सभासद आहे, एक साधी गोष्ट केली : बटणे वरून शोभेला तशीच ठेवली आणि आतून चिकटणारी वेलक्रोची पट्टी शिवली. विजारीस नाडीऐवजी नेफ्यात इलॅस्टिक घातले. चादरीच्या मध्यभागी साटिनचा गुळगुळीत तुकडा जोडला, म्हणजे रात्री कूस बदलताना अंग सहज सरकते. खर्च नगण्य, परंतु त्यामुळे आम्ही आज कोणाच्या मदतीवाचून कपडे घालून या सभेस आलो. आपल्या कारागीर बंधूंनी असे कपडे शिवण्यास आरंभ केला तर त्यात सेवाही आहे आणि धंदाही आहे.

यानंतर जे बोलावयाचे ते थोडे कटू आहे. मोठ्यांनी रागावू नये.

आपल्या ज्ञातीत हा आजार लपविला जातो. आम्ही अशी घरे पाहिली आहेत की मुलगी पाहण्यास पाहुणे येणार म्हणून वडिलांस आतल्या खोलीत बसवितात आणि बाहेरून कडी लावतात. ज्या बापाने रात्री मशीन चालवून मुलीस शिकविले, त्याने तिच्या पाहण्याच्या दिवशी खोकूही नये! यामागे निर्दयपणा नसतो, भय असते. "घराण्यात रोग आहे" असा बोभाटा झाला तर स्थळ जाईल, हे ते भय होय. म्हणून शास्त्र काय सांगते ते स्पष्ट ऐकावे. हा आजार संसर्गाने होत नाही. बहुसंख्य रुग्णांत तो बापाकडून मुलाकडे सरळ चालत येणारा नाही. थोड्या कुटुंबांत आनुवंशिक दोष आढळतो, विशेषतः फार तरुण वयात आजार जडतो तेव्हा. त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. परंतु साठीनंतर मामाचा वा आजोबांचा हात कापतो म्हणून मुलीचे स्थळ नाकारणे यास काहीही आधार नाही. मधुमेह असलेल्या घरांत आपण सोयरिकी करतोच ना? मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी 1996 साली अटलांटा येथे साऱ्या जगादेखत थरथरत्या हातांनी ऑलिंपिकची ज्योत पेटविली. त्यांस कोणी आतल्या खोलीत ठेवले नाही.

लपविण्याने दुहेरी नुकसान होते. उपचार उशिरा सुरू होतात, आणि माणूस एकटा पडतो. उदासीनता हा या आजाराचाच एक भाग आहे, मेंदूतील द्रव्यांच्या बदलाने ती येते. त्यात एकटेपणाची भर पडली की रुग्ण बिछाना धरतो. तिच्यावरही औषध आहे आणि ते घेण्यात लाज नाही.

आणि जी माणसे सेवा करतात त्यांचे काय? आमच्या सौभाग्यवती गेली सात वर्षे रात्रीत दोन-तीनदा उठतात. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून त्यांस श्रम होत नाहीत असे नव्हे. सभेत रुग्णाची चौकशी दहा जण करतात; "वहिनी, तुम्ही कशा आहात?" असे विचारणारा क्वचितच भेटतो. सुनांनी सर्व करावे आणि मुलांनी फक्त औषधाची चिठ्ठी आणावी, ही वाटणी न्यायाची नव्हे. आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कोणी रुग्णाजवळ बसावे आणि त्या माउलीस देवळात, माहेरी वा नुसते झोपावयास मोकळीक द्यावी.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईतही या रुग्णांसाठी काम करणारी संस्था आहे. रुग्ण एकत्र येतात, व्यायाम करतात, एकमेकांच्या युक्त्या शिकतात. परंतु तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आपल्या बांधवांस तेथवर जाणे कठीण. म्हणून मंडळापुढे आमच्या चार विनंत्या आहेत.

एक, मंडळाच्या सभागृहात महिन्यातून एक सकाळ अशा रुग्णांच्या व त्यांच्या घरच्यांच्या एकत्र व्यायामासाठी मोकळी ठेवावी. जातीची अट नसावी. आजाराला जात नाही. दोन, सभागृहाच्या पायऱ्यांस कठडा बसवावा, आणि पंगतीच्या वेळी हातांच्या दहा खुर्च्या व मेज वेगळे मांडावे, म्हणजे ज्येष्ठ मंडळी जेवणाच्या वेळी घरी पळणार नाहीत. तीन, विद्यार्थी साहाय्य निधीप्रमाणे लहानसा औषध निधी असावा. लेव्होडोपा-कार्बिडोपा ही गोळी राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, तरी ती आयुष्यभर रोज घ्यावी लागते आणि सर्वांस परवडते असे नाही. चार, वधूवर सूचक समितीने पालकांस या बाबतीत खरी माहिती द्यावी आणि आतल्या खोलीची कडी काढावयास सांगावे.

बंधुभगिनींनो, हा आजार आज तरी मुळापासून बरा होत नाही. हे सत्य आम्ही झाकून ठेवणार नाही. परंतु नियमाने औषध, नेटाने व्यायाम आणि घरच्यांची समज, एवढ्यांच्या बळावर पुष्कळ वर्षे हिंडता, फिरता, लिहिता आणि नातवंडांस पाढे शिकविता येतात, हेही तितकेच सत्य आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी सभा संपल्यावर आम्हांस निःसंकोच भेटावे. आम्ही येथेच बसलो आहोत. पुढील संमेलनात त्या मंडळींस पहिल्या रांगेत बसलेली पाहण्याची आमची इच्छा आहे.